सुमनची जाऊ

मी ओटी आहे असं सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक अर्थ काढतो. शहरातला असेल तर ऑपरेशन थिएटर, आणि गावाकडची बाई असेल तर खणानारळाची ओटी. तळेगावच्या एका रुग्णालयात मी सत्तावीस वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते. निरोपसमारंभात आमच्या एका विश्वस्तांनी भाषणात सांगितलं, "ऑपरेशनच्या वेळी मॅडमचा फार मोठा आधार असायचा." मीही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

आमचं काम सांगायला सोपं आहे. सकाळी उठल्यापासून माणूस जे जे करतो, दात घासणं, चहा ठेवणं, शर्टाची बटणं लावणं, कामावर जाणं, ते आजारानंतर किंवा अपघातानंतर त्याला पुन्हा करता यावं म्हणून आम्ही असतो. फिजिओथेरपिस्ट हात हलता करून देतात. त्या हाताने भाकरी कशी थापायची, हा प्रश्न माझ्याकडे येतो.

द्रुतगती मार्ग, जुना हायवे, खंडाळ्याचा घाट आणि आजूबाजूचे कारखाने यांमुळे आमच्याकडे डोक्याला मार लागलेली माणसं पुष्कळ यायची. त्यांत सगळ्यांत अवघड कोण, असं मला विचारलं तर मी लुळ्या हातापायांचे म्हणणार नाही. त्यांचं दुखणं चारचौघांना दिसतं, लोक त्यांना बसायला जागा देतात. कपाळाच्या मागच्या मेंदूला इजा झालेला माणूस मात्र चालतो, बोलतो, नाव-गाव बरोबर सांगतो. आणि घरी गेल्यावर कळतं की स्वभावच बदललाय. तुंगार्लीचे एक बँकेतले साहेब होते, अतिशय गंभीर गृहस्थ. स्कूटरवरून पडले आणि त्यानंतर कुणाच्या मयतीला गेले तरी विनोद सांगायला लागले. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "तीस वर्षांत यांनी मला कधी हसवलं नाही. आता हसू येतं आणि मग रडू येतं." आम्ही त्यांच्यासाठी काय करू शकलो, तर फार नाही. पण आज मला सांगायचं आहे ते सुमनबद्दल, आणि तिच्याहून जास्त तिच्या जावेबद्दल. नावं अर्थात बदलली आहेत.

सुमन पवना धरणाच्या बाजूच्या एका गावातली. वय छत्तीस. नवरा बाळू तळेगावच्या कारखान्यात कामाला, मुलगी प्राजक्ता नववीत. घरची थोडी भातशेती होती आणि सुमन गावाजवळच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाब निवडायच्या कामाला जायची. कमी बोलणारी, पदर सावरून बसणारी, मोठ्यांसमोर आवाज न चढवणारी बाई, असं सगळे सांगायचे. एक दिवस ती बाळूच्या मोटरसायकलवर मागे एका बाजूला बसून माहेराहून येत होती. रस्त्यावर नवा गतिरोधक टाकला होता आणि त्याला अजून पांढरे पट्टे मारले नव्हते. गाडी उसळली, सुमन मागच्या मागे पडली. ऑपरेशन झालं, तीन आठवड्यांनी ती घरी आली. केस कापलेले, पण चालत आली. गावाने पेढे खाल्ले.

दोन महिन्यांनी आमच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं. राग आवरावा म्हणून त्यांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. बाळू माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "मॅडम, डॉक्टर म्हणत्यात बरी झाली. माणूस बरं झालंय, पण ही ती न्हाई."

सुमन मोकळेपणाने हसली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्या मॅडमचं दात पुडं हायत."

बाळूने मान खाली घातली. मग त्याने एकेक सांगितलं. कुणी उठवलं नाही तर ती दिवसभर एका जागी बसून राहायची. जेवायला बसली की ताट संपलं तरी थांबायची नाही, मुलीच्या ताटातलंही घ्यायची. दूध करपून धूर झाला तरी शेजारी बसलेल्या तिला वास यायचा नाही. भेटायला आलेल्या माणसांना तोंडावर काहीही बोलायची, शिव्यासुद्धा द्यायची. आणि बाळूवर हात उचलायची. "तू पाडलंस मला" म्हणायची आणि मारायची. "ते खरंच हाय म्हणून म्या गप बसतो," तो म्हणाला.

मी त्याला समजावलं. माणसाच्या मनात येणारं सगळंच बाहेर येत नाही, मध्ये एक दार असतं. ते दार कपाळाच्या मागे असतं, आणि नेमकं तिथेच सुमनला लागलंय. एखादं काम आपलं आपण सुरू करायची शक्तीही तिथेच असते. म्हणून ती बसून राहते, तो आळस नव्हे. ती मुद्दाम काही करत नाही. मी बोलत होते बाळूशी. कोपऱ्यातल्या बाकावर एक उंच, सावळी, पंचेचाळिशीची बाई बसली होती. पोलक्याच्या बाहीला हिरवे डाग होते. मी तिच्याकडे नीट बघितलंही नाही. जीपमध्ये सुमनला धरायला कुणीतरी हवं म्हणून ती आली असावी, असं मला वाटलं. ती शकुंतला, बाळूच्या थोरल्या भावाची बायको.

मी सुमनला रंगीत चित्रांचं वेळापत्रक करून दिलं. सूर्य उगवला की दात घासायचे, घड्याळात नऊ वाजले की केर काढायचा. असे तक्ते करण्यात माझा हात बसलेला होता आणि मला त्याचा अभिमानही होता. गळ्यात घालायला नाव आणि फोन नंबरचं कार्डही दिलं. महिन्याने मी कामशेतला उतरून, पुढे जीपने त्यांच्या गावी गेले. तक्ता भिंतीवर होता. सुमन त्याच्याकडे बघत खुर्चीत बसली होती. केर तसाच पडलेला. कार्ड तिने पहिल्याच दिवशी विहिरीत टाकलं होतं, कारण मानेला खाजतं.

तेवढ्यात शेजारच्या दारातून शकुंतला आली. घर एकच, पण मध्ये भिंत घालून दोन चुली झालेल्या. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "ऊठ." सुमन उठली. "झाडू घे." तिने घेतला. "हितून तितंपातूर लोट." सुमन लोटायला लागली. ना सुमनबाई, ना लेकरा, ना काही गोड शब्द. मला ते फार लागलं. त्या दिवशीच्या अहवालात मी लिहिलं, "घरातील ज्येष्ठ स्त्री रुग्णाशी कठोरपणे बोलते. समुपदेशनाची गरज."

ते वाक्य आजही मला खुपतं. मी पुस्तकात वाचलेली गोष्ट ती बाई माझ्यासमोर करून दाखवत होती. छोटं वाक्य, एका वेळी एकच काम, ठाम आवाज आणि राग अजिबात नाही. अशा रुग्णाला "आज जरा घराकडे बघशील का गं" असं म्हटलं तर काहीच कळत नाही. "झाडू घे" कळतं. पुढे कितीतरी कुटुंबांना मी हे शिकवलं, पण शिकवताना शकुंतलाचं नाव घेतलं नाही. आज घेते आहे.

मी दिलेल्या कार्डाचंही तिनेच काहीतरी केलं. सुमनच्या प्रत्येक साडीच्या पदराच्या आतल्या बाजूला तिने लाल दोऱ्याने आपला फोन नंबर टाचून काढला. पदर खाजत नाही.

पावसाळ्यात पवनेकडे पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते. एका सकाळी एक गाडी त्यांच्या अंगणापाशी थांबली आणि आतल्या मुलांनी भुशी धरणाचा रस्ता विचारला. अंगणात सुमन एकटीच बसली होती. ती म्हणाली, "मला ठावं हाय," आणि दार उघडून गाडीत बसली. मुलं वाईट नव्हती. वाट दाखवायला बाई येतेय, तिलाही लोणावळ्याला जायचं असेल, असं त्यांना वाटलं. भुशीला पोचल्यावर ती मुलं तिला "थँक यू मावशी" म्हणून उतरवून पाण्याकडे निघून गेली.

इकडे तीन तास सगळं गाव विहिरी आणि ओढे बघत होतं. दुपारी शकुंतलाचा फोन वाजला. भुशीच्या वाटेवर मक्याची कणसं भाजणारी एक बाई बोलत होती. "तुमचं माणूस माज्यापाशी हाय. तीन कणसं खाल्ली, आता गिऱ्हाइकांना नावं ठेवतीया. नंबर पदरावर घावला. घिऊन जा, तवर म्या बसवून ठिवते."

सुमन सुखरूप घरी आली. पण बाळू हादरला. दुसऱ्या दिवसापासून तो कामाला जाताना खोलीला बाहेरून कुलूप घालायला लागला.

त्या आठवड्यात मी गेले तेव्हा दार बंद होतं आणि खिडकीच्या गजांमागे सुमन उभी होती. ती रडत नव्हती. "मॅडम, मला कोंडलंय," तिने बातमी सांगावी तसं सांगितलं. प्राजक्ता शाळेतून आली होती आणि पायरीवर बसून अभ्यासाची वही नुसती उलटत होती. मैत्रिणींना घरी आणणं तिने कधीच बंद केलं होतं. चारच्या सुमाराला बाळू पहिली पाळी करून आला आणि त्याच्यामागोमाग पॉलिहाऊसमधून शकुंतला; तीही तिथेच गुलाब निवडायची. तिने चप्पलही काढली नाही.

"भावजी, चावी द्या."

"वैनी, उद्या धरणात गेली म्हंजी? तवा कोण जबाबदार?"

"मी. उद्यापासून ती माज्यासंगं कामावर येनार. माज्या शेजारी बसंल."

"कामावर? वैनी, तिला नाकावरची माशी हाकल म्हणून सांगावं लागतंय."

"मग सांगीन."

बाळू माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमीच सांगा वैनीला."

आणि मी बाळूची बाजू घेतली. मी म्हणाले, इतक्यात नको. तिथे कात्र्या असतात, काटे असतात, पंधरा-वीस बायका असतात. कुणी हसलं तर सुमन अंगावर जाईल. अजून सहा महिने थांबू, मग विचार करू.

शकुंतलाने माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सहा म्हैने कुलपात बसून डोस्कं बरं हुतंय का, मॅडम?"

तिने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "नाही." बाळूने थोडा वेळ किल्ली हातात फिरवली आणि तिच्या हातावर ठेवली.

पॉलिहाऊसच्या सुपरवायझरने एक आठवड्याची मुदत दिली. गुलाबांची निवड म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही तोवर माहीत नव्हतं. लांब टेबलावर रेघा मारलेल्या असतात. देठ रेघेला लावून लांबी बघायची, लांबीप्रमाणे फुलं वेगळी करायची, खालची पानं काढायची, वीस फुलांची जुडी करून पुठ्ठ्यात गुंडाळायची आणि रबर लावायचं. सुमनने हे काम सात-आठ वर्षं केलं होतं. डोकं विसरलं तरी हातांना ते येत होतं. पण एक फूल ठेवल्यावर दुसरं उचलायचं हे तिला आपलं आपण सुचायचं नाही. शकुंतला शेजारी बसून स्वतःचं काम करता करता म्हणत राहायची, "घे. लाव. ठिव. घे." वीस झाली की "बांध". दिवसभर. मी एकदा तासभर ऐकलं आणि माझाच घसा दुखायला लागला.

वास न येण्याबद्दल मी तिथे काळजीने विचारलं, तर शकुंतला म्हणाली, "ह्या फुलांना वासच न्हाई, मॅडम. हितं समद्यांचीच नाकं सारखी."

चौथ्या दिवशी मला भीती होती तेच घडलं. एक बाई सुमनच्या कापलेल्या केसांवरून हसली. सुमनने अख्खी जुडी तिच्या तोंडावर फेकली, काट्याने तिचा गाल ओरखडला. काम थांबलं. सुपरवायझर धावत आला. त्याला सुमन पहिल्याच दिवशी "तुमचं प्वाट लय सुटलंय" म्हणाली होती, त्यामुळे त्याचं मत आधीच फारसं चांगलं नव्हतं. शकुंतलाने सुमनला नळावर नेलं, तोंड धुवायला लावलं, परत आणलं आणि म्हणाली, "फुलं गोळा कर." सुमनने एकेक करून वीसही फुलं गोळा केली. मग शकुंतला सगळ्या बायकांना बोलली. तिथल्याच एका बाईने पुढे मला ते शब्दशः सांगितलं.

"हिच्या डोस्क्यात एक दार हुतं, ते मोडलंय. म्हणून आतलं भायेर येतंय. तुमच्या बी आत हेच समदं हाय, माज्या बी हाय. आपली दारं शाबूत हायत, यवडाच फरक. जिला हसायचंय तिनं भायेर जाऊन हसावं."

बाकावर बसलेल्या ज्या बाईकडे मी बघितलंही नव्हतं, तिने माझं बोलणं माझ्याहून चांगलं पोचवलं होतं. ओरखडा आलेल्या बाईने पदराने गाल पुसला आणि सुमनच्या दुसऱ्या बाजूची जागा घेतली. सुपरवायझरने मुदतीचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढचं वर्षभर मी दर महिन्याला जात राहिले. गोळ्या कमी झाल्या. अंगावर जाणं जवळजवळ थांबलं, जीभ मात्र तशीच राहिली. एकदा परतताना शकुंतला मला जीपपर्यंत सोडायला आली. मी तिला विचारलं, "तुम्हा दोघींचं आधीपासून इतकं होतं का?"

ती हसली. "सात वरसं बोलत न्हवतो आमी. एका घरात ऱ्हाऊन."

कारण होतं तिच्या मुलीच्या लग्नातलं. सुमनचा भाऊ मांडवात बसलेला असताना त्याला टोपी-टॉवेलचा मान द्यायचा राहून गेला. "गडबडीत इसरले मी. नंतर ध्येनात आलं, पर मग म्हटलं, हिनं येऊन इचारावं. ती आली न्हाई. मला वाटलं, हिला गर्व आलाय. तिनं माज्याशी बोलणं टाकलं, म्या तिच्याशी."

"मग?"

"दवाखान्यातनं घरी आली तवा समदी मानसं बसलीवती. मी लोकलाजंखातर गेलते. ती समद्यांच्या देखत मला म्हणाली, 'शकू, तू माज्या भावाला टोपी दिली न्हाईस. मला लय वाईट वाटलं. मी रात्रभर रडलेवते.' मोठ्या जावेला नावानं हाक मारली म्हणून समदे चपापले. मला त्याचं काय न्हाई वाटलं. सात वरसं मी समजत हुते, तिला राग आलाय. वाईट वाटलंय हे मला ठावंच न्हवतं, मॅडम. डोस्क्याला लागलं न्हसतं तर ती कदी बोलली न्हसती. मी बी इचारलं न्हसतं. दोघी तशाच मेलो असतो."

जीप आली. मी आत बसले.

सुमन पूर्वीसारखी झाली का, असं लोक विचारतात. नाही झाली. बाळूने ते मान्य करायला दोन वर्षं घेतली. निवृत्तीच्या आधी मी शेवटची गेले तेव्हा तो अंगणात बसून मुलीच्या सायकलची चेन चढवत होता. प्राजक्ताच्या दोन मैत्रिणी ओट्यावर होत्या आणि सुमनने त्यांच्या कपड्यांना ठेवलेली नावं आठवून खिदळत होत्या. बाळू हात पुसत म्हणाला, "मॅडम, मी दोन वरसं आदीच्या सुमनची वाट बघत बसलो. वैनीनं वाट बघितलीच न्हाई. जी घरी आली तिलाच घिऊन कामाला लागली."

तिथून मी पॉलिहाऊसवर गेले. आमच्या अहवालात एक रकाना असतो, 'रुग्णाने न सांगता, स्वतःहून सुरू केलेली कृती'. समोर काही आलं म्हणून झटक्यात केलेलं त्यात धरत नाहीत, स्वतः ठरवून केलेलं धरतात. बाहेरच्या माणसाला तो किरकोळ वाटेल. आमच्या लेखी मेंदूच्या इजेत ती सगळ्यांत उशिरा परत येणारी गोष्ट आहे, आणि पुष्कळदा ती येतच नाही. सुमनच्या कागदांवर त्या रकान्यात मी दर वेळी आडवी रेघ मारत आले होते.

दोघी टेबलाशी होत्या. "घे. लाव. ठिव." शकुंतलाचा आवाज बसला होता, खोकत खोकत ती बोलत होती. वीस फुलं झाली, सुमनने रबर लावलं आणि ती उठली. शकुंतलाचं बोलणं अर्ध्यावर थांबलं, पण तिने सुमनला अडवलं नाही. सुमन सरळ कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाकडे गेली, लोटा भरला, अर्धा वाटेत सांडत आली आणि तो जावेच्या पुढ्यात धरला.

"पी," ती म्हणाली. "सकाळधरनं बडबड करतीस. घसा सुकला असंल."

टेबलावरच्या सगळ्या बायकांचे हात थांबले होते. शकुंतलाने लोटा दोन्ही हातांनी घेतला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायली.